तळं उलटायच्या आत

२५ ऑगस्ट २००२, रविवार

आलो एकदाचा पाण्यावर! बेलव्ह्यूहून डोंगर ओलांडून इकडे यायचं म्हणजे अर्धा दिवस जातो. वाटभर देवदत्तकाका पिकअपमध्ये जुनी गाणी लावून गाणाऱ्यापेक्षा मोठ्याने स्वतःच म्हणत होते. शेवटच्या वळणावर झाडं बाजूला झाली अन् तळं दिसलं. आमच्या गावाभोवतीचे सगळे तलाव अन् बोड्या आणून यात ओतल्या तरी एक कोपरा भरणार नाही. पाणी इतकं साफ की डॉकवरून वाकलं तर आपलं तोंड दिसते, अन् तोंडाखालून मासे चालले दिसतात. मी चपला फेकून गुडघाभर उतरलो. काका हसून म्हणाले, काहून बे विष्ण्या, माय भेटली का?

भेटलीच म्हणा. आम्ही भंडाऱ्याकडचे ढिवर, मासे धरणारे. मी चालायच्या आधी डोंग्यात बसलो. आठवीत शाळा सुटली ती मास्तरपायी नाही, मरळ माशापायी. वर्षभर काकांच्या बेलव्ह्यूच्या त्या गालिच्याच्या घरात राहून माझे पाय मऊ पडले होते.

ही वही आजींची. आजी म्हणजे काकांच्या बायकोच्या, प्रतिमाकाकूंच्या आई, नागपूरला शाळेत बाई होत्या. त्यांना उठवायला-बसवायला मला इकडे अमेरिकेत आणलं. त्या म्हणायच्या, विष्णू, रोज चार ओळी लिही, अक्षर वळण घेईल, डोकंही घेईल. जुलैत आजी गेल्या. मला परत पाठवायचं होतं, पण काका म्हणाले, सीझन संपेपर्यंत तळ्यावर चल, तिथे माझ्या भाड्याच्या केबिनी अन् डोंगे आहेत, दिवाळीच्या आत तुला विमानात बसवतो. पासपोर्ट राहू दे माझ्यापाशी, तू हरवशील. व्हिसाची तारीख गेली म्हणे. जाऊ दे. पाणी आहे, डोंगे आहेत. दिवाळीला घरी.

२८ ऑगस्ट, बुधवार

काम सांगतो. सकाळी डोंग्यांतलं पाणी उपसायचं, गांडुळांचे डबे फ्रीजमध्ये लावायचे, गिऱ्हाइकांना लाईफ जॅकेट द्यायचं, संध्याकाळी त्यांचे मासे साफ करून द्यायचे. नांगर म्हणून काका कॉफीच्या रिकाम्या डब्यात सिमेंट ओतून वर कडी बसवतात. चांगली युक्ती आहे. गावाला सांगीन.

पण इथली एक रीत माझ्या गळी उतरत नाही. मासा धरतात, गळ ओढून काढतात, कधी अर्धा जबडा सोबत येतो. मग त्याला कुशीत घेऊन फोटो काढतात अन् परत पाण्यात सोडतात. वर त्यालाच दया म्हणतात. तो बिचारा कुशीवर पोहत काठाला येतो अन् दिवसभर आ करून मरतो. असे काठाला आलेले मी आज सोट्याने संपवले. हा सोटा हातभर लांब आहे, काकांनी माशांसाठीच घेतलाय. डोळ्यांच्या मागे एक नेमका टोला, मासा थरथरतो अन् शांत.

आमच्या घरात बाबांचा एकच नियम. हात लावला त संपव. घायाळ करून पाण्याले देशील, त पाणी ते मरू देत नाही, जपून ठेवते, अन् मग तुझ्याच हाताने पुरं करून मागते. लहानपणी एक मरळ माझ्या हातून अर्धी कापून निसटली, तर बाबांनी मला तिच्यामागे सगळा तलाव पालथा घालायला लावला होता. सापडली तेव्हाच घरी नेलं.

काकांना सांगितलं. म्हणाले, बे, ही अमेरिका आहे. इथलं पाणी इंग्लिश आहे, त्याला तुझा बाप समजत नाही.

१ सप्टेंबर, रविवार

लाँग वीकेंड. सगळ्या केबिनी भरल्या. सोटा हातातून सुटला नाही, कोपरापर्यंत खवले चिकटले.

बेलव्ह्यूहून शंतनू आला होता. काकांच्या जुन्या कंपनीतला, पुण्याचा. काकांची नोकरी आधी गेली, याची आत्ता. त्याचा व्हिसा संपतोय, त्याने गाडीही विकली, या महिन्यात कायमचा घरी चालला. तोंडाने फटकळ आहे पण मला अरे विष्णुबुवा म्हणतो. दोरी गुंडाळायची त्याची तऱ्हा वेगळी. इंग्रजी आठाच्या आकारात घालतो अन् टोक मधल्या पोटात खोचतो. म्हणाला, यार, बाकी काही जमलं नाही अमेरिकेत, ही गाठ मात्र कोणाला येत नाही. मी प्रयत्न केला. मलाही येत नाही.

६ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी थंडी. काठावरचं एक झाड एकटंच पिवळं झालंय.

काकांनी तळ्याचं शास्त्र सांगितलं. उन्हाळ्यात म्हणे तळं दोन थरांत झोपतं. वर कोमट पाणी, खाली बर्फागत गार, दोघं एकमेकांना शिवत नाहीत. गार तळाशी जे पडलं ते तसंच राहतं, सडतही नाही, फुगतही नाही. ऑक्टोबरात वरचं पाणी गार होऊन जड होतं, खाली बुडतं, अन् तळाचं सगळं वर येतं. वास सुटतो, पाणी गढूळ होतं. याला तळं उलटणं म्हणतात. तेव्हा मासे वेड्यासारखे काठाला येतात, मजा येईल तुला, काका म्हणाले.

मी म्हटलं, आमचे तलाव उथळ, ते काही लपवत नाहीत.

१५ सप्टेंबर, रविवार

प्रतिमाकाकू गणपती घेऊन आल्या. हातभर मूर्ती, शाडूची. डोंग्यातून मधोमध नेऊन सोडली. काकू रडल्या, आजींची आठवण. मोदक खाऊन संध्याकाळी परत गेल्या, उद्या ऑफिस. शंतनू मागे राहिला. परवा त्याचं विमान. शेवटचा एक दिवस मासे धरायचे म्हणतो, मग काका त्याला थेट एअरपोर्टवर सोडणार.

१६ सप्टेंबर, सोमवार

लिहू का नको. आजी म्हणाल्या होत्या, रोज.

केबिनी रिकाम्या. दुपारी आम्ही तिघं मधोमध होतो. ऊन होतं. दोघं बियर पीत होते. शंतनूला मोठा ट्राउट लागला. त्याने गळ ओरबाडला, फोटो काढला अन् मासा सोडला, त्याचं तोंड लोंबत होतं. मी सोटा घेतला तर तो हसला. मग काकांना म्हणाला, देवदत्तराव, मजा आहे तुमची, बायको कोड लिहिते, तुम्ही गांडुळं विकता. काका हसले. तो म्हणाला, प्रतिमावहिनी लंचला काय सांगतात माहितीये? मी घरी एक मोठ्ठा मासा पाळलाय म्हणतात. खातो भरपूर, सोडवत पण नाही.

काका हसतच उठले. वल्हं उचललं अन् आडवं घातलं. डाव्या कानाच्या वर. ओला आवाज आला, पिकलेलं टरबूज पायाखाली फुटावं तसा. शंतनू पडला नाही. बसूनच राहिला अन् खाली वाकून चष्मा शोधू लागला. दुसरा फटका तोंडावर. दात माझ्या मांडीवर येऊन पडले.

मी ओरडलो, काका, दवाखान्यात नेऊ. काका म्हणाले, ने की. तुझ्यापाशी कागद नाही, पोलीस पहिले तुला बांधतील. मग नांगराची दोरी त्याच्या पायांना बांधू लागले. म्हणाले, पाय धर.

मी धरले.

तो जिवंत होता. नाकातून रक्ताचे बुडबुडे येत होते. खर्रर्र. थांबायचा. खर्रर्र. माझ्या तळहाताखाली त्याच्या पिंडरीची नस उडत होती. सोटा माझ्या पायापाशी होता. एक टोला, डोळ्यांच्या मागे, मला येतो. शेकडो वेळा केलंय. माणसावर हात उचलला नाही. पाय सोडले. तो नांगरासकट पाण्याखाली गेला.

काल बाप्पाचं केलं, आज याचं, काका म्हणाले, अन् डोंग्याच्या काठावरून ओकले.

१८ सप्टेंबर, बुधवार

काकांनी काकूंना फोनवर सांगितलं, सोडलं बरं का शंतनूला एअरपोर्टवर, तुला नमस्कार सांगितलाय. आवाज एकदम साधा. फोन ठेवून मला म्हणाले, दिवाळीला घरी जायचंय ना? मग तोंड शिवून घे.

डोंगा तीनदा घासला. फळ्यांच्या फटीत अजून लाल आहे.

२३ सप्टेंबर, सोमवार

भरदुपारी मधोमध गेलो होतो, एका गिऱ्हाइकाच्या गळाचा तुटून वाहत गेलेला तरंगा शोधायला. वारा नव्हता. डोंग्याच्या बुडाखालून आवाज आला. खर्रर्र. थांबला. खर्रर्र. फळीवर तळहात ठेवला तर फळी उडत होती, नसेसारखी.

मासा घासत असेल. इथे मोठे मासे आहेत.

असा घासणारा मासा मला माहीत नाही.

२९ सप्टेंबर, रविवार

एक म्हातारं अमेरिकन जोडपं आलं होतं. दिवसभरात जितके ट्राउट धरले, सगळ्यांना एकाच जागी जखम. डाव्या डोळ्याच्या मागे, कल्ल्याच्या वर. हाडापर्यंत चीर, कडा धुऊन पांढऱ्या झालेल्या. तरी जिवंत. म्हातारा म्हणाला, ऑटरचं, म्हणजे पाणमांजराचं काम आहे, अन् एकेक करून परत सोडू लागला. मी त्याच्या हातातून हिसकून डॉकवरच ठेचले. सगळे. सोट्याला डोळे चिकटले. म्हातारी माझ्याकडे बघत मागे सरकली. काकांनी त्यांचे पैसे परत केले अन् मला कॉलर धरून शेडमध्ये नेलं, माझं डोकं डोंग्याच्या मोटारीवर आपटलं. म्हणाले, मला बुडवायला आलास का बे?

मी सांगितलं, तो मेला नाही, आपण अर्धवट सोडलं, पाणी त्याला ठेवून आहे. तळं उलटायच्या आत जाऊन पुरं केलं पाहिजे. काका आजींचं नाव घेऊन म्हणाले, म्हातारीने तुला लिहायला शिकवलं, अक्कल शिकवली नाही.

५ ऑक्टोबर, शनिवार

डॉकवर बदकं. जंगली, मोठी, दक्षिणेकडे जाणारी. रांगेत पडलेली. प्रत्येकाचं डोकं डावीकडून फुटलेलं अन् प्रत्येक जिवंत. पंख फळ्यांवर आपटत होते. चोचीतून तोच आवाज.

यांना मी हात लावला नव्हता. तरी संपवलं. माना पिरगाळल्या, जी पिरगाळली जात नव्हती तिला सोटा. शेवटच्याने माझ्याकडे पाहिलं.

काका खिडकीतून बघत होते. बाहेर आले नाहीत.

९ ऑक्टोबर, बुधवार

पासपोर्ट मागितला. पाया पडलो. म्हटलं, तुम्ही तिकीट नका काढू, नुसतं बस स्टँडवर सोडा, मी कोणाला सांगणार नाही. तुम्हालाही तो आवाज ऐकू येतो का, तेही विचारलं. काकांनी पट्टा काढला. कडीच्या बाजूने मारलं. मी त्यांचा हात धरू शकलो असतो. धरला नाही, कारण मारता मारता ते रडत होते, अन् म्हणत होते, मला ऐकू येतं का विचारतोस? सिंकमध्ये येतं. संडासात येतं. गप बस.

म्हणजे त्यांनाही.

१३ ऑक्टोबर

हरणी. पाणवठ्यावर. गाभण. डोकं डावीकडून उघडं. चारही पाय चालवत होती, पळतेय असं वाटून. तिला सोट्याने होईना. दगड घेतला. मोठा. किती वेळ. कपडे जाळले.

माझा हात आता थांबत नाही. आधी थांबायचा.

१७ ऑक्टोबर

पाणी फिरलं. सकाळी उठलो तर तळं तपकिरी. सडक्या अंड्यांचा वास. तळाचं काळं शेवाळ लोंब्यालोंब्याने वर आलंय. मासे काठाला, आ करून.

शाडूची मूर्ती नाही आली. ती विरघळली असेल. विरघळायचं ते विरघळलं. बाकी –

१९ ऑक्टोबर

नांगर.

डोंग्यात ठेवलाय. कॉफीचा डबा, सिमेंट, आमचाच, कडी वाकडी तोच. ओला. दोरी गुंडाळलेली. इंग्रजी आठ. टोक मधल्या पोटात खोचलेलं.

ती गाठ इथे कोणाला येत नाही.

२० ऑक्टोबर

काकांनी नांगर पाहिला. त्यांना वाटलं मी काढला. मी त्यांना धमकवतोय. म्हटलं, काका, सिमेंट पोहते का? ऐकलं नाही. वल्हं – तेच – डाव्या कानावर –

उठलो तेव्हा दुपार टळली होती. वांती झाली. कानातून काही वाहते, गरम. काका त्यांचं नारिंगी जॅकेट घालून पायरीवर बसून होते. म्हणाले, मेला नाहीस ना रे. मग म्हणाले, उद्या सकाळी तुला मोकळं करतो. मोकळं म्हणजे काय, विचारलं नाही.

त्यांच्या आधी उठणार. त्याला संपवणार. मग पाणी काही मागणार नाही. मग दिवाळीला घरी. बाबा, बरोबर ना –

२१ ऑक्टोबर, डोंग्यात

पहाट झाली. उजेड आहे पण धुकं. वल्ह्याचं टोक दिसत नाही. वही जॅकेटात आहे. आजी म्हणाल्या होत्या, रोज.

मधोमध आलो. सोटा मांडीवर. आवाज चालू आहे. खर्रर्र. जवळ.

शंतनूदादा, माफ कर. या बाजूने ये. एकच टोला, लागणार नाही –

 

झालं.

दोन हात आले. डोंग्याच्या काठावर. बोटं काळी, शेवाळ. मग डोकं, सगळं शेवाळाने झाकलेलं, डावीकडून फुटलेलं, अन् तोंडातून तोच आवाज. ते काहीतरी बोलू पाहत होतं. विष्ण – विष्ण – मी ऐकलं नाही. डोळ्यांच्या मागे. एकाने झालं नाही. हात थांबत नव्हता. हाताखाली मऊ लागेपर्यंत मारलं. बोटं काठावरून सुटेनात, ती पण –

मग शेवाळ सरकलं.

नारिंगी जॅकेट.

शंतनू मला विष्णुबुवा म्हणायचा. विष्ण्या कोण म्हणतं.

 

मी मारायच्या आधीच डोकं फुटलेलं होतं. देवाशपथ. आधीच. डाव्या कानावर. त्यांना कोणी – पाण्यात कोण होतं –

त्यांचा डोंगा धुक्यातून आला, रिकामा. एक वल्हं नाही. मी ओढून घेतला. त्यांच्या जॅकेटच्या खिशात प्लास्टिकची पिशवी. त्यात माझा पासपोर्ट. कोरडा.

अन् त्यांच्या डोंग्यात नवीन कॉफीचा डबा. सिमेंट ताजं, अजून काळपट. नवी दोरी, कापून ठेवलेली.

यातलं मला काय द्यायला निघाले होते –

काकांना हलवलं. संपलेत. पुरे संपलेत, मी नीट पाहिलं, छाती, मान, नाक. माझ्या हातून अर्धवट राहिलं नाही. बाबा, यावेळी नाही राहिलं.

मग आवाज का येतोय.

 

खर्रर्र.

बुडाखाली नाही. फळीवर हात ठेवला, फळी गप्प.

काकांचा नाही. त्यांच्या डोंग्यातही कोणी नाही. जवळून येतोय. फार जवळून.

कान दुखतो. डावा. हात लावला. काल नुसती सूज वाटली होती. बोट आत गेलं. हाडाच्या कडेला लागलं.

मी श्वास धरून ऐकलं –

आवाज थांबला.

सोडला –

खर्रर्र

काकांनी हात लावला अन् – संपवलं नाही – काल – मी कालपासूनच –

पाणी डोंग्यात येतंय. कोणीतरी काठ धरलाय. दुसऱ्या बाजूने. माझ्या पायांवर दोरी, कोण गुंडाळतंय, आठ, आठ, टोक पोटात –

सोटा कुठाय. दादा, सोटा घे. माझ्या मांडीवरच – डोळ्यांच्या मागे – एकच – असाच सोडू नको रे, असाच सो